खांबांवरून ओढायची, स्वतःचा भार स्वतः पेलणारी फायबर केबल निवडताना नेमके काय पाहावे?

दुवा

नमस्कार. आमच्या संस्थेच्या दोन इमारती एकमेकींपासून ३.६ किलोमीटर अंतरावर आहेत आणि त्या फायबरने जोडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जमीन खडकाळ असल्यामुळे चर खणण्याचा विचार आम्ही सोडून दिला असून केबल खांबांवरूनच न्यायची, एवढे ठरले आहे. मार्गावर बहुतेक ठिकाणी दोन खांबांमधला गाळा ४५ ते ६० मीटरांचा आहे. मात्र एका ओढ्यापाशी तो १४० मीटरांचा होतो. शेवटचा सुमारे १.१ किलोमीटरचा भाग ३३ किलोव्होल्टच्या वीजवाहिनीच्या खांबांवरून जातो. तिथले गाळे ८० ते ९० मीटरांचे आहेत आणि त्या खांबांसाठीची लेखी परवानगी हाती आली आहे.

तीन पुरवठादारांची पत्रके समोर आहेत. पहिल्याने पोलादी तारेची फिगर-एट केबल (जिचा छेद इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो) सुचवली आहे, दुसऱ्याने एकपदरी आवरणाची एडीएसएस केबल (ऑल-डायइलेक्ट्रिक सेल्फ-सपोर्टिंग, म्हणजे धातू नसलेली आणि स्वतःचा भार स्वतः पेलणारी) दिली असून तिच्यावर 'स्पॅन १००' असे लिहिले आहे, आणि तिसऱ्याने दुपदरी आवरणाची 'स्पॅन २००' एडीएसएस देऊ केली आहे. तिन्हींत तंतू २४ आहेत. वरवर पाहता तिन्ही चालतील असे वाटते, पण केबल एकदा वर चढली की वीस-पंचवीस वर्षे तिथेच राहणार. निवड करताना आधी काय पाहावे आणि पुरवठादाराला कोणते प्रश्न विचारावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोजपट्टी

सर्वांत लांब गाळा, त्या भागातला सर्वाधिक वारा किंवा बर्फ, आणि त्याच खांबावर आणखी काय टांगलेले आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून मगच पत्रके उघडावीत. तंतूंची संख्या हा सर्वांत शेवटचा प्रश्न आहे.

पत्रकवाचक

'स्पॅन १००' या शब्दांवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. केबल १०० मीटरांच्या गाळ्यात टिकते हे विधान अर्धवट आहे, कारण किती वाऱ्यात, किती बर्फात आणि किती झोळ (गाळ्याच्या मध्यावर केबल जितकी खाली लोंबते ते अंतर) ठेवून, हे त्यात आलेलेच नाही. उदाहरण म्हणून अमेरिकेतील एनईएससी ही विद्युत सुरक्षा संहिता घ्या. तिच्या हलक्या भारविभागात बर्फ शून्य आणि वाऱ्याचा दाब सुमारे ४३० पास्कल धरतात, तर जड भारविभागात केबलभोवती साडेबारा मिलिमीटर जाडीचा बर्फ आणि त्यावर सुमारे १९० पास्कल वारा धरतात. पहिल्या विभागात १५० मीटर सहज पेलणारी केबल दुसऱ्या विभागात त्याच्या निम्म्या गाळ्यालाही पुरेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून पुरवठादाराकडून झोळ आणि ताणाचा तक्ता मागून घ्यावा. त्यात तुमच्या गाळ्यांसाठी, म्हणजे ६०, ९० आणि १४० मीटरांसाठी, शांत हवेतला झोळ व ताण आणि कमाल भाराखालचा झोळ व ताण असे आकडे वेगवेगळे दिलेले असले पाहिजेत. त्याच्या शेजारी तीन मर्यादा लिहून घ्याव्यात: केबल तुटण्याचा घोषित भार, कमाल अनुज्ञेय ताण आणि रोजचा ताण. अनुज्ञेय ताण बहुधा तुटण्याच्या भाराच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो आणि रोजचा ताण १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. जो पुरवठादार हा तक्ता देऊ शकत नाही, त्याची केबल कितीही चांगली असली तरी ती तुमच्या ओढ्यावर चालेल की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

जुनीलाइन

फिगर-एट केबलला इथे लगेच बाद केले जाईल, म्हणून तिच्या बाजूने चार शब्द लिहितो. ५०-६० मीटरांचे गाळे असतील आणि आसपास वीजवाहिनी नसेल, तर ही केबल अतिशय समाधानकारक काम करते. भार पोलादी तारेवर असतो, तंतूंचा भाग तिच्याखाली पातळ पाळीने जोडलेला असतो. खांबापाशी पाळी कापून पोलादी तार वेगळी करायची आणि ती साध्या पकडीत आवळायची. त्यासाठी तंतूंच्या भागाला हातही लावावा लागत नाही. साध्या हत्यारांवर काम करणारी माणसेही ती नीट चढवतात. एक काळजी मात्र घ्यावी लागते. तिचा आकार सपाट असल्यामुळे वारा तिला उचलतो आणि ती मोठ्या हेलकाव्यांनी नाचू लागते. म्हणून ओढतानाच साधारण दर १० मीटरांना एक पीळ द्यावा, म्हणजे वाऱ्याला सलग एकच पृष्ठभाग मिळत नाही. हा पीळ द्यायचा राहिला आणि नंतर पाळी फाटली, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

सौदामिनी

जुनीलाइन काका, तुमचे म्हणणे ६० मीटरांच्या गाळ्यांपुरते मला पूर्ण मान्य आहे. पण दुवा यांच्या मार्गातला १.१ किलोमीटर ३३ किलोव्होल्टच्या खाली आहे आणि तिथे पोलादी तार मी कधीही सुचवणार नाही. वीजवाहिनीला समांतर जाणाऱ्या लांब धातूच्या तारेत व्होल्टेज प्रवर्तित होते. ती तार ठरावीक अंतरांवर नीट भूसंपर्कित केलेली नसेल, तर वर चढलेल्या माणसाच्या हाताला ती धोका ठरते. वीजवाहिनीची तार तुटून तिच्यावर पडली, तर दोष थेट इमारतीपर्यंत पोहोचू शकतो. वीज कोसळण्याचा प्रश्न आहे तो वेगळाच. एडीएसएस या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थच मुळी पूर्णपणे विद्युतरोधक असा आहे. तिच्यात धातूचा एक कणही नसतो आणि म्हणूनच ती या जागेसाठी घडवली गेली.

जुनीलाइन

सौदामिनीताई, वीजवाहिनीच्या भागाबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. माझा मुद्दा उरलेल्या अडीच किलोमीटरांपुरता होता.

तंतुवेध

एडीएसएस केबल आतून कशी असते, हे एकदा समजून घेतले की पत्रकातले बरेच शब्द आपोआप उलगडतात. मध्यभागी काचतंतू आणि रेझिनची कडक सळई असते. तिच्याभोवती सैल नळ्या आलटून-पालटून उजव्या-डाव्या पिळाने गुंडाळलेल्या असतात आणि त्या नळ्यांमध्ये तंतू किंचित जास्त लांबीचे, मोकळे ठेवलेले असतात. त्यावर अरामिड या अतिशय मजबूत कृत्रिम तंतूच्या पिवळ्या धाग्यांचा थर आणि सर्वांत बाहेर काळे पॉलिइथिलिन, अशी रचना असते. दुपदरी केबलमध्ये अरामिडच्या आतल्या बाजूसही एक आवरण असते.

भार पेलतात ते अरामिडचे धागे. केबल ताणाखाली लांबते तेव्हा नळीतले तंतू आपली जादा लांबी वापरतात, त्यामुळे अनुज्ञेय ताणापर्यंत काचेवर प्रत्यक्ष ताण जवळजवळ येतच नाही. ही जादा लांबी संपली की पुढचा प्रत्येक न्यूटन काचेवर पडतो. म्हणून 'केबल तुटली नाही, म्हणजे ठीक आहे' हा निकष इथे लागू होत नाही. केबल शाबूत दिसत असतानाच तंतूंचे आयुष्य कमी होत असते.

आणखी दोन बारकावे आहेत. काही स्वस्त केबलींमध्ये अरामिडऐवजी काचेचे धागे वापरतात. लहान गाळ्यांना ते चालतात, परंतु तेवढ्याच ताकदीसाठी केबल जड होते. दुसरे म्हणजे अरामिडला सूर्यप्रकाशातले अतिनील किरण सोसत नाहीत. बाहेरच्या आवरणात साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेले असते ते याच कारणासाठी. म्हणून ओरखडा आतल्या धाग्यांपर्यंत गेला असेल, तर ती जागा तशीच सोडू नये.

दुवा

सर्वांचे आभार. आमच्या भागात बर्फ पडत नाही, परंतु वादळी वारे येतात. हिशोबासाठी सेकंदाला ३० मीटर हा वेग धरावा, असे आमच्या स्थापत्य अभियंत्यांनी सांगितले आहे. दुपदरी केबलचा व्यास १२ मिलिमीटर असून वजन किलोमीटरला १२० किलो आहे. वीजवाहिनीबद्दल एक शंका आहे. साधे पॉलिइथिलिनचे आवरण १२ किलोव्होल्टपर्यंत चालते, असे पत्रकात लिहिले आहे. आमची वाहिनी ३३ किलोव्होल्टची आहे, तेव्हा अँटी-ट्रॅकिंग, म्हणजे पृष्ठभागावरच्या ठिणग्यांनी सहज न झिजणारे, आवरणच घ्यावे लागेल, हे बरोबर आहे का?

रात्रपाळी

३३ हा आकडा १२ पेक्षा मोठा आहे, तेव्हा अँटी-ट्रॅकिंग आवरण घेऊन मोकळे व्हावे, असे माझे मत आहे.

सौदामिनी

रात्रपाळी, इथे थोडे थांबावे लागेल, कारण हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पत्रकातले १२ किलोव्होल्ट म्हणजे वाहिनीचे व्होल्टेज नव्हे. केबल ज्या बिंदूवर टांगली जाईल, त्या बिंदूवरच्या अवकाशातले ते विद्युत विभव आहे. हे विभव तारांपासूनचे अंतर, तारांची मांडणी आणि जमिनीपासूनची उंची यांवर ठरते. तारांच्या बऱ्याच खाली टांगलेल्या केबलच्या जागी ते वाहिनीच्या व्होल्टेजच्या मानाने खूप कमी असते. आयईईई १२२२ या मानकात आवरणांचे दोन वर्ग केले आहेत, १२ किलोव्होल्ट विभवापर्यंतचा आणि त्यावरचा. अँटी-ट्रॅकिंग आवरणांसाठी उत्पादक बहुधा २५ किलोव्होल्टपर्यंतची मर्यादा सांगतात. ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीखाली योग्य अंतर राखून टांगलेल्या केबलला साधे आवरण सहसा पुरते. अँटी-ट्रॅकिंगची खरी गरज अतिउच्च दाबाच्या मनोऱ्यांवर पडते. तरीही अंदाजावर न जाता, खांबावरची प्रत्यक्ष जागा कळवून वीजवाहिनीच्या अभियंत्यांकडून विभवाचा आकडा लेखी घ्यावा.

हा भेद का पाळायचा, तेही सांगते. आवरणावर धूळ किंवा खारट थर बसतो, तो दवाने ओला होतो आणि किंचित वाहक बनतो. मग त्या ओल्या थरातून खांबाच्या भूसंपर्कित पकडीकडे अगदी लहानसा प्रवाह वाहू लागतो. त्या उष्णतेने थर मध्येच एका पट्ट्यात कोरडा पडतो आणि त्या कोरड्या पट्ट्यावर ठिणगी उडते. हे रोज पहाटे घडत राहिले की आवरण झिजते. एका अतिउच्च दाबाच्या मार्गावरून उतरवलेला असा तुकडा मी हातात घेऊन पाहिला आहे. पकडीच्या सळ्या जिथे संपतात, तिथून चार बोटे अंतरावर आवरणात नखाएवढी रुंद, खडबडीत खाच पडली होती, तिच्या कडा राखाडी झाल्या होत्या आणि तळाशी अरामिडचा करपलेला पिवळा धागा दिसत होता. बाकीची केबल नव्यासारखी होती. तो एवढा एक इंच पूर्ण झिजला असता, तर सगळा गाळा खाली आला असता.

रात्रपाळी

हा फरक मला माहीत नव्हता. माझे आधीचे मत मी मागे घेतो.

झोळमापक

दुवा यांनी आता आकडे दिले आहेत, तेव्हा ओढ्यावरच्या गाळ्याचा हिशोब मांडून पाहू.

केबलचे वजन मीटरला १.१८ न्यूटन भरते. झोळाचे सूत्र सोपे आहे: मीटरमागचे वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. १४० मीटरांच्या गाळ्यात दीड टक्का, म्हणजे २.१ मीटर झोळ ठेवला, तर शांत हवेत ताण सुमारे १.४ किलोन्यूटन येतो. इथपर्यंत सगळे सोपे वाटते.

आता सेकंदाला ३० मीटरांचा वारा घ्या. त्याचा दाब सुमारे ५५० पास्कल होतो आणि १२ मिलिमीटर व्यासाच्या केबलवर मीटरला ६.६ न्यूटन आडवा जोर पडतो. म्हणजे वाऱ्याचा जोर केबलच्या स्वतःच्या वजनाच्या साडेपाच पट आहे. इतकी हलकी वस्तू टांगताना वजनाचा नव्हे, वाऱ्याचा विचार आधी करायचा, तो यामुळे. या जाडीच्या केबलचा नेहमीचा लवचिकपणा धरला, तर ताण १.४ वरून साधारण ३.६ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे अडीच पट चढतो. अनुज्ञेय ताण याहून स्पष्टपणे वर असणारी केबलच तिथे चालेल. 'स्पॅन १००' केबलचा तक्ता मागवून हाच आकडा तपासावा. मला ती तिथे पुरेशी वाटत नाही.

याच हिशोबातून निघणारी दुसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. अशा वाऱ्यात केबल जवळजवळ आडवी होते आणि गाळ्याच्या मध्यावर सुमारे साडेचार मीटर बाजूला जाते. त्याच वेळी तिचा मध्यबिंदू शांत हवेतल्या जागेपेक्षा सव्वा मीटरभर वर उचलला जातो. ओढ्याकाठची झाडे केबलच्या सरळ रेषेपासून तीन मीटर दूर आहेत, एवढ्यावर समाधान मानू नये. वीजवाहिनीच्या भागात तर हा मुद्दा अधिक गंभीर आहे: धातूची जड तार वाऱ्याने कमी झुकते, हलकी केबल जास्त झुकते आणि वर येते. उलट कडक उन्हात व भाराखाली धातूची तार तापून खाली उतरते, केबलचा झोळ मात्र फारसा बदलत नाही. या दोन्ही स्थितींत दोघींमधले अंतर किती उरते, ते काढूनच खांबावरची उंची ठरवावी.

मोजपट्टी

झोळमापक यांच्या हिशोबाला एक जोड देतो. ३.६ किलोन्यूटन ओढ शेवटी खांबाच्या माथ्यावर येते. ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या खांबांना उलट दिशेने स्टे (खांबाला तोलून धरणाऱ्या ताणतारा) दिलेले आहेत का, ते आधी पाहावे. पलीकडचा ६० मीटरांचा गाळा तेवढाच जोर लावून ही ओढ तोलणार नाही. खांब वाकला की झोळ वाढतो, आणि मग केबल दोषी ठरते.

पाऊलवाट

ओढ्यात किंवा काठापासून थोडे आत एखादा मधला खांब उभा करता येणार नाही का? गाळा ९० मीटरांवर आला, तर संपूर्ण मार्गाला एकच हलकी केबल पुरेल.

दुवा

पाऊलवाट, तसा विचार आम्ही केला होता. पात्र पुरात रुंद होते आणि खांबाचा पाया तिथे टिकणार नाही, असा अहवाल आला आहे.

खांबोखांबी

आतापर्यंत सगळी चर्चा केबलवर झाली. मी पकडींवर लिहितो, कारण गेली अनेक वर्षे मी जी नादुरुस्त केबल पाहत आलो, तिच्यातली बहुतेक खांबापासून हातभर अंतरातच बिघडलेली होती.

एका कामात केबल उत्तम निवडली होती, तक्ता तपासला होता, झोळही मोजून ठेवला होता. पकडी मात्र दुसऱ्या ठिकाणाहून आल्या. केबलचा प्रत्यक्ष व्यास ११.३ मिलिमीटर होता आणि पाचराच्या पकडींवर १२ ते १४ मिलिमीटर असे कोरलेले होते. हाताने ओढून पाहिले तेव्हा केबल घट्ट बसल्यासारखी वाटली आणि आम्ही पुढे गेलो. पहिल्या वादळानंतर दोन खांबांपाशी प्रकाशाचा तोटा दिसू लागला. मी शिडी लावून वर गेलो, तेव्हा पकडीच्या तोंडाशी आवरण मनगटावरून मागे सारलेल्या बाहीसारखे चुण्या पडून गोळा झालेले होते आणि गाळ्याच्या बाजूला वीतभर जागा घासून चकचकीत झाली होती. केबल पकडीतून निसटली नव्हती. आवरण पकडीत अडकून राहिले होते आणि आतला गाभा अरामिडसकट पुढे ओढला गेला होता. ओटीडीआरवर (तंतूत प्रकाश सोडून तोटा कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर) १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला तिथे जेमतेम ओरखडा दिसत होता, १५५० ला मात्र ०.८ डेसिबलची स्पष्ट पायरी होती. दोन्ही ठिकाणी केबल कापून जोड द्यावे लागले. हाताने ओढून पाहण्यावर मी विसंबलो, ती चूक माझी होती आणि त्यानंतर व्यास कॅलिपरने मोजल्याशिवाय मी एकही पकड बसवलेली नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. केबल आणि पकडी या दोन वेगळ्या खरेद्या समजू नका. पुरवठादाराला विचारा की ही पकड या केबलवर ताणून तपासली आहे का आणि किती भाराला ती सरकली. ५०-६० मीटरांच्या गाळ्यांना योग्य मापाची पाचराची पकड चालते. वीजवाहिनीवरच्या ८०-९० मीटरांना आणि ओढ्यावर हेलिकल ग्रिपच घ्यावी, कारण तिच्या सळ्या केबलला लांबवर वेढून ताण हळूहळू उतरवतात, एका जागी चावत नाहीत. सरळ मार्गावरच्या खांबांना टांगती पकड पुरेल. पण मार्ग २०-२५ अंशांहून जास्त वळत असेल, तर तिथे दोन्ही बाजूंनी टोकाच्या पकडी लावाव्यात. आणि एकदा काही काळ भाराखाली राहून काढलेली हेलिकल ग्रिप पुन्हा वापरू नये, ती कितीही चांगली दिसत असली तरी.

पत्रकवाचक

खांबोखांबी यांचा हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला लावायला हवा. व्यासाची सहनमर्यादाही पत्रकात पाहावी. 'सुमारे १२ मिलिमीटर' असे लिहिलेल्या केबलला नेमकी कोणती पकड मागवायची, हे ठरवताच येत नाही.

शांततार

मला आश्चर्य वाटते ते याचे की वादळाबद्दल इतके लिहून झाले आणि मंद वाऱ्याबद्दल कुणीच बोलले नाही. सेकंदाला एक ते सात मीटरांचा, एकसारखा, मोकळ्या मैदानावरून येणारा वारा केबलमागे आलटून-पालटून भोवरे सोडतो आणि केबल वर-खाली कंप पावू लागते. १२ मिलिमीटर व्यास आणि सेकंदाला ३ मीटर वारा असेल, तर हा कंप सेकंदाला सुमारे ५० वेळा होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. केबलला हात लावला तर जाणवतो. असे तासन्‌तास, वर्षानुवर्षे चालले की पकडीच्या कडेला आवरण आणि आतला गाभा थकतो. ताण जितका जास्त, तितका हा त्रास वाढतो, त्यामुळे झोळ कमी दिसावा म्हणून केबल जास्त ओढणे दोन्ही बाजूंनी नुकसानीचे आहे. ६० मीटरांच्या गाळ्यांसाठी काही करावे लागत नाही. ओढ्यावर मात्र दोन्ही टोकांना प्लास्टिकचे सर्पिल कंपशामक बसवावेत. बारीक व्यासाच्या केबलला तेच सोयीचे पडतात.

पाऊलवाट

खारींचे काय? आमच्याकडे झाडांच्या रांगेतून गेलेल्या केबलचे आवरण त्यांनी दोन ठिकाणी कुरतडले होते.

तंतुवेध

पाऊलवाट, कुरतडण्यावर पूर्ण खात्रीचा उपाय नाही. पोलादी पट्टीचे कवच सर्वांत भक्कम असते, पण ते घेतले की केबल विद्युतरोधक राहत नाही आणि वीजवाहिनीचा भाग हातचा जातो. आवरणाखाली काचधाग्यांचा दाट थर किंवा काच-रेझिनच्या चपट्या पट्ट्या असलेली केबल मिळते आणि तिने त्रास बराच कमी होतो. खर्च करण्याआधी फांद्या छाटून केबल आणि झाड यांत अंतर ठेवता येते का, ते पाहावे.

प्रकाशकण

तंतूंबद्दल थोडक्यात लिहितो. ३.६ किलोमीटरला १३१० नॅनोमीटरवर साधारण १.३ डेसिबल तोटा होईल, १५५० वर ०.८ च्या आसपास. हे अंतर नेहमीच्या जी.६५२.डी प्रकारच्या तंतूसाठी अगदी किरकोळ आहे. जी.६५७.ए१ तंतू १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सहन करतो, त्यामुळे जोडपेटीत आणि इमारतीच्या आत त्याचा उपयोग होतो. पण तो घेतला म्हणून केबल वाकवण्याचा नियम सैल होत नाही: ओढताना व्यासाच्या २० पट आणि बसवून झाल्यावर १० पट, म्हणजे तुमच्या केबलला २४० आणि १२० मिलिमीटर त्रिज्या राखलीच पाहिजे. २४ तंतू पुरेसे आहेत; ४८ घेतले तरी व्यासात फारसा फरक पडत नसेल, तर तेही विचारून पाहावे.

पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारावा, तो म्हणजे पाणी आतून पुढे सरकण्याची चाचणी झाली आहे का. तीन मीटरांचा तुकडा, एक मीटर पाण्याचा दाब आणि २४ तास, अशी ती चाचणी असते आणि दुसऱ्या टोकाला थेंबही दिसता कामा नये.

दुवा

आठवडाभराने परत येतो आहे. या काळात बरीच उत्तरे हाती आली, ती इथे नोंदवतो.

वीजवाहिनीच्या अभियंत्यांनी आमच्या उंचीवरचे विभव १२ किलोव्होल्टच्या पुष्कळ खाली असल्याचे लेखी कळवले, त्यामुळे साधे पॉलिइथिलिनचे आवरण पुरेल. 'स्पॅन १००' केबलचा तक्ता मागवला, तेव्हा तो फक्त सेकंदाला २५ मीटरांच्या वाऱ्यासाठी केलेला निघाला आणि आमच्या ओढ्यावरचा ताण तिच्या अनुज्ञेय मर्यादेबाहेर जात होता. 'स्पॅन २००' केबलचा अनुज्ञेय ताण ६ किलोन्यूटन असून १४० मीटरांसाठी पुरवठादाराने काढलेला आकडा झोळमापक यांच्या हिशोबाच्या अगदी जवळ आला. ओढ्याच्या पलीकडच्या काठावरच्या खांबाला स्टे नव्हताच. तो आता बसवला जाईल.

उरलेल्या भागासाठी फिगर-एट वापरण्याचा जुनीलाइन काकांचा विचारही आम्ही तपासला. पण मग दोन ठिकाणी केबलचा प्रकार बदलावा लागेल, जोडपेट्या वाढतील आणि दोन तऱ्हेचे सुटे भाग सांभाळावे लागतील. म्हणून सगळीकडे दुपदरी एडीएसएसच घ्यायचे ठरले. आता शेवटचा प्रश्न आहे तो लांबीचा. ड्रम ४ किलोमीटरांचा मिळतो. झोळात बरीच केबल जाईल, असे आमचे सहकारी म्हणतात. तो पुरेल का?

जुनीलाइन

निर्णय योग्य आहे. दोन प्रकारांच्या मधला जोड हीच त्या मार्गातली कमकुवत जागा ठरली असती.

झोळमापक

झोळात केबल जवळजवळ जातच नाही. १०० मीटरांच्या गाळ्यात १ टक्का, म्हणजे एक मीटर झोळ ठेवला, तर जादा लांबी फक्त २.७ सेंटीमीटर लागते; तुमच्या संपूर्ण मार्गाला मिळून ती एक-दीड मीटरच्या आतबाहेर होईल. याच कारणाने झोळ नेहमी उंची पाहून किंवा ताणमापक लावून ठरवावा, केबलची लांबी मोजून कधीही नव्हे. केबल खरी खर्च होते ती वेटोळ्यांमध्ये. दोन्ही टोकांना इमारतीत उतरण्यासाठी आणि जोड जमिनीवर आणून करता यावा म्हणून प्रत्येकी ३० मीटर ठेवा. ओढ्याच्या दोन्ही काठांवरही तेवढेच वेटोळे ठेवा, म्हणजे पुढे कधी गाळा खाली आला, तर नवी केबल मध्ये न घालता दुरुस्ती होईल. हे सगळे धरूनही ४ किलोमीटरांत मधला एकही जोड न देता काम होते.

खांबोखांबी

ड्रम जमिनीवर असतानाच, लाकडी फळ्या काढल्याबरोबर, चोवीसही तंतू १३१० आणि १५५० या दोन्ही तरंगलांबींवर ओटीडीआरने तपासून नोंद ठेवावी. तीच तपासणी केबल चढवल्यावर, पकडी आवळून झाल्यावर पुन्हा करावी. १५५० च्या रेषेत एखाद्या खांबापाशी नवी पायरी दिसली, तर त्या खांबावर त्याच दिवशी चढावे; माणसे आणि शिडी तिथेच असतात तोवर ते अर्ध्या तासाचे काम असते. ओढताना पुढच्या टोकाला फिरकी लावायला विसरू नका, नाहीतर दोरीचा पीळ केबलमध्ये उतरतो. आणि ओढ्यावरच्या चार हेलिकल ग्रिपांखेरीज दोन जास्त मागवून ठेवा, पण केबलबरोबरच, त्याच मापाच्या.

दुवा

कॅलिपर आज सकाळीच मागवला आहे. नमुन्याचा तुकडा आला की पाच ठिकाणी व्यास मोजून आकडे इथे टाकतो आणि मगच पकडींची मागणी नोंदवतो.